मागचे ड्रम काढून डिस्क बसवताना

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असले की बऱ्याच मालकांना आपली गाडी कमअस्सल वाटू लागते. मग ‘चारही डिस्क करून घेऊ’ हा विचार डोक्यात घोळतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बंद डबा, त्याला ब्रेक शू आतून दाबले जातात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती, तिला पॅड बाहेरून धरतात. डिस्क सरस आहेच, पण मागच्या चाकांना तिचा उपयोग किती?

जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, कारण भार पुढे सरकतो. पुढे इंजिन असलेल्या छोट्या गाडीचं साधारण 60 टक्के वजन एरवीही पुढच्या चाकांवर असतं. करकचून ब्रेक लागला की ते पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातं. मागच्या टायरांवर उरतो जेमतेम पाव हिस्सा, आणि टायरची पकड ठरते ती त्याच्यावरच्या भारावर. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरत जाते. मागची आधी जाम झाली तर गाडीचं शेपूट फिरतं, आणि हे जास्त घातक.

शिवाय ब्रेकच्या ताकदीत ड्रम डिस्कपेक्षा कमी नाहीच. दोन ब्रेक शूंपैकी एक शू ड्रमला टेकताच त्याच्या फिरण्याबरोबर ओढला जातो आणि आपणहून आणखी घट्ट दाबला जातो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड तिला नुसते दोन्हीकडून चिमटीत धरतात. म्हणून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बराच मोठा लागतो.

ड्रम हरतो तो उष्णतेपुढे. 1000 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना साधारण 385 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकांत उतरते. एवढ्यात सव्वा लिटर पाणी उकळीला येईल. डिस्क उघड्यावर असते, तिला वारा लागतो. ड्रमची उष्णता आत कोंडते. तो तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागतं. भरल्या गाडीने वरंधा घाट उतरताना हा फरक जाणवू शकतो. अर्थात खालचा गिअर टाकला तर निम्मी चिंता तिथेच मिटते. शहरातल्या रोजच्या गाडीसाठी मी तरी हे पैसे चांगल्या टायरांवर आणि वेळेवर ब्रेक ऑइल बदलण्यावर घालीन. फोक्सवॅगनने आयडी.3 आणि आयडी.4 या विजेवरच्या गाड्यांना मागे ड्रमच दिले आहेत. तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, आणि फारशी न वापरलेली डिस्क गंजते. बंद ड्रमला ती भीती कमी.

तरीही बदल करायचाच असेल तर त्याच मॉडेलच्या, कंपनीतूनच मागे डिस्क आलेल्या व्हेरिएंटचा पूर्ण सेट शोधावा. पुढच्या-मागच्या ब्रेकांमधली वाटणी मूळ ड्रमच्या हिशोबाने ठरलेली असते, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचा प्रोग्रॅमही त्याच हिशोबाचा. बाजारातला कॅलिपर नुसता ‘बसतोय’ म्हणून बसवला तर मागचा ब्रेक एक तर नावापुरता लागतो, नाही तर पुढच्याच्या आधी.

राहिला हँडब्रेक. ड्रममध्ये केबल ओढली की शू फाकतात, काम झालं. डिस्कसाठी कॅलिपरमध्येच वेगळी यंत्रणा लागते, किंवा डिस्कच्या मधल्या भागात एक छोटा ड्रम. काही किटांत यातलं काहीच नसतं. तसलं किट स्वस्त पडतं, आणि गाडी उतारावर उभी करायची वेळ येईपर्यंत त्यात काही कमी आहे हे कळतही नाही.