भागीदाराचा हिस्सा विकत घेणे

भागीदारी संस्थेतून एक भागीदार बाहेर पडतो आणि उरलेले भागीदार त्याचा मोबदला चुकता करून धंदा चालू ठेवतात, तेव्हा त्याला भागीदाराची निवृत्ती म्हणतात. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ३२ नुसार ती सर्वांच्या संमतीने, करारनाम्यातील अटीप्रमाणे किंवा भागीदारी ऐच्छिक, म्हणजे मुदत न ठरलेली, असल्यास लेखी नोटीस देऊन होते. निवृत्ताच्या हिश्शाची किंमत कशी काढावी हे मात्र करारनाम्यावर सोडलेले आहे. धंदा सुरू होताना नफ्याचे प्रमाण लिहिले जाते, बाहेर पडण्याची रीत राहून जाते. बहुतेक तंटे तिथूनच उगवतात.

भांडवल खात्यावरची शिल्लक म्हणजे हिस्सा नव्हे. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला गाळा ताळेबंदात मूळ किमतीतून घसारा वजा जाऊन दिसतो. बाजारभाव कितीतरी पट असू शकतो. उलट, पडून राहिलेला माल आणि बुडालेली उधारी वहीत पूर्ण किमतीला उभी असते. म्हणून निवृत्तीच्या तारखेला मालमत्ता आणि देणी दोन्हींचे पुनर्मूल्यांकन करावे लागते, आणि मूल्यमापक व तारीख ही दोन्ही आकड्याची चर्चा सुरू होण्याआधी ठरलेली बरी. आकडा समोर आल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीची पद्धतच न्याय्य वाटू लागते.

खरी घासाघीस ख्यातीवर, म्हणजे व्यापारी ज्याला गुडविल म्हणतात त्या धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीवर होते. कलम १४ नुसार ख्याती ही संस्थेची मालमत्ता आहे. खुशाल खेमगर शहा विरुद्ध खोरशेद बानू दादिबा बोटवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली मृत भागीदाराच्या वारसांचा ख्यातीतील वाटा मान्य केला. रूढ पद्धतीत मागील काही वर्षांच्या सरासरी नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणतात. समजा, सरासरी नफा १२ लाख आणि पट दोन वर्षांची, तर ख्याती २४ लाख. एक तृतीयांश हिश्शाचे ८ लाख. पण राबणाऱ्या भागीदारांचा वाजवी पगार आधी वजा केला नाही, तर त्यांच्या रोजच्या मेहनतीची किंमतही ख्यातीत मोजली जाते. हे वारंवार नजरेआड होते आणि आत राहणाऱ्यावर अन्याय करते.

ख्यातीची किंमत आणि स्पर्धेची अट एकाच बैठकीत ठरली पाहिजे. कलम ३६ प्रमाणे निवृत्त भागीदार तसाच धंदा थाटू शकतो. मात्र वेगळा करार नसेल तर संस्थेचे नाव वापरता येत नाही की तिची जुनी गिऱ्हाइके ओढता येत नाहीत. ठरावीक मुदतीपुरती किंवा ठरावीक हद्दीत स्पर्धा न करण्याची वाजवी अट वैध ठरते. ती अट घालायची आणि ख्यातीला दामही द्यायचा नाही, ही मागणी टिकणारी नाही.

एकाने हिश्शाचा भाव सांगायचा आणि त्या भावाने हिस्सा घ्यायचा की द्यायचा हे दुसऱ्याने ठरवायचे, अशी तोडही काढतात. भाऊबंदांत एकाने वाटे घालावेत नि दुसऱ्याने आधी उचलावा तशी. दोघांकडे सारखाच पैसा असेल तरच ती न्याय्य. एकाची पत कमी असेल, तर दुसरा ते ओळखून भाव पाडतो.

हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ निवृत्ताला निवड देते: आपल्या हिश्शाच्या वापरातून झालेला नफा किंवा हिश्शाच्या रकमेवर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज. हा दर १९३२ चाच असल्याने हप्त्यांनी पैसे घेताना व्याजाचा दर आणि तारण करारात लिहून घ्यावे.

निवृत्तीने जुन्या कर्जाची जबाबदारी आपोआप सुटत नाही. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी बँकेच्या लेखी संमतीनेच मोकळी होते. नोंदणीकृत संस्थेची जाहीर नोटीस निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यातील स्थानिक भाषेच्या किमान एका वृत्तपत्रात द्यावी लागते. तोपर्यंत बाहेरच्यांच्या दृष्टीने तो भागीदारच राहतो. २०२१ च्या वित्त कायद्यापासून, पुनर्मूल्यांकन व स्वनिर्मित ख्याती न धरता निघणाऱ्या भांडवली शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम संस्थेने निवृत्ताला दिली, तर त्या फरकावरचा कर संस्थेवर येतो. तो कोणी सोसायचा, हेही किमतीतच ठरवावे.

खासगी कंपनीत भागीदार निवृत्त होत नाही, समभाग हस्तांतरित होतात. तिथे कंपनीची नियमावली पाहावी लागते, आणि अल्पमतातल्यांवर अन्याय सिद्ध झाल्यास राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २४२ खाली समभाग विकत घेण्याचा आदेश देऊ शकते.