मन वळवणं वेगळं, सौदा वेगळा: आरपीजीच्या टेबलावर फासा कधी टाकायचा

ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना आपण दोन गोष्टी बोलतो. "मावशी, दोन मिरच्या घाला ना वर." आणि "तीन जुड्या घेते, पन्नासला लावा." पहिल्यात मावशींना बदल्यात काही मिळत नाही. त्यांनी मिरच्या घातल्या तर मनात आलं म्हणून. दुसऱ्यात त्यांच्या दोन जुड्या जास्त खपतात आणि आपले दहा रुपये वाचतात. मावशींचं आपल्याविषयीचं मत होतं तिथेच राहतं.

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या खेळात, या दोन्हींना सर्रास "पर्सुएशनचा रोल" (पटवण्यासाठी टाकलेला फासा) म्हणतात आणि तिथेच प्रसंग बिघडतो. म्हणून फासा उचलण्याआधी जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) एक प्रश्न विचारावा: हो म्हटल्यावर समोरच्याच्या हातात काय पडतं? काहीच नाही, तर ते मन वळवणं. काही पडत असेल, तर तो सौदा.

एक प्रसंग घेऊ. १७३७ साल, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेण्याच्या आधीची एक काल्पनिक रात्र. पात्रं कळव्याच्या काठावर आहेत, त्यांना खाडी ओलांडून ठाण्यात शिरायचंय. एक नाखवा होडीपाशी जाळं आवरतोय.

"नाखवा, आम्हाला पलीकडे सोडा. काम आपल्याच लोकांचं आहे."

"पहाऱ्याने पकडलं तर होडी जाईल. मग मी काय खाऊ?"

इथे बहुतेक टेबलांवर कोणीतरी वीस बाजूंचा फासा फेकतं, १८ अधिक पात्राच्या कौशल्याचे ५ (हा मॉडिफायर) म्हणजे २३ येतात आणि नाखवा वल्हं उचलतो. नियम खरं तर असं म्हणत नाहीत. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतल्या डीएमच्या (तिथे जीएमला डीएम म्हणतात) पुस्तकात (२०१४) आधी समोरच्याची वृत्ती ठरवायची असते: मित्रभावाची, तटस्थ की शत्रुत्वाची. तटस्थ माणूस डीसी (गाठायचा किमान आकडा) १० ला बिनधोक काम करतो, डीसी २० ला थोडा धोका पत्करतो, आणि त्यापुढे तक्ता संपतो. होडी गमावणं हा नाखव्यासाठी मोठा धोका आहे. मित्रभाव असता तर डीसी २० ला त्याने तोही घेतला असता, पण अनोळखी लोकांसाठी कुठल्याच रोलवर नाही. नॅचरल ट्वेंटीनेही (फाशावर थेट वीस पडूनही) नाही, कारण त्या नियमांत वीसची आपोआप सरशी हल्ल्याच्या रोलला असते, कौशल्याच्या चेकला नाही.

मग मन वळवून काय मिळेल? डीसी १० ला पहारा कुठे बसतो ते तो सांगेल. डीसी २० ला अंधारात चिखलाच्या कडेपर्यंत नेऊन सोडेल. हे जीएमने फासा पडायच्या आधी मोठ्याने सांगावं. जमलं तर काय आणि फसलं तर काय, हे खेळाडूंना आधी कळलं की नंतरची अर्धी वादावादी टळते.

दुसरी चूक आकड्यांची. ५ चा मॉडिफायर आणि डीसी २० असेल तर शक्यता ३० टक्के. तेच मागणं तीनदा फेकू दिलं तर साधारण ६६ टक्के. म्हणजे नाखव्याचं मन वळलं नाही, तो नुसता थकला. नवा मुद्दा असल्याशिवाय पुन्हा रोल नाही, एवढं पाळलं तरी पुरतं. त्याच खेळाच्या २०२४ च्या नियमांत हे लिहूनच आलंय: समोरचा द्विधा असेल तरच रोल, डीसी १५ किंवा त्याची बुद्धिमत्ता यांतलं जे मोठं ते, आणि फसलं तर त्याच पद्धतीने पुन्हा विचारायला २४ तास थांबायचं.

पात्रांना पूर्ण खाडी ओलांडायची असेल तर सौद्याला बसावं लागतं, आणि त्याची खरी मेहनत सेशनच्या आधी होते. एका कागदावर पाच ओळी पुरतात. नाखव्याला काय हवंय: चौकीत अडकलेला भाचा सुटावा. काय कधीच देणार नाही: स्वतःच्या पोराला होडीत घेणार नाही. पहिला भाव १२ नाणी, शेवटचा ७. सौदा फिसकटला तर: भरती लागली की तो मासेमारीला निघून जाईल. आणि संयम: ३. प्रत्येक नव्या प्रस्तावाला एक संयम खर्च. भाच्याचा विषय निघाला तर त्या प्रस्तावाला संयम खर्च होत नाही, शिवाय भाव सरळ ७ वर. त्याला रोल लागतच नाही. फासा लागतो तो भाच्याची गोष्ट काढून घ्यायला, म्हणजे इनसाइटला (समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या कौशल्याला).

चौथी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. सौदा मोडल्यावर नाखवा काय करणार हे ठरलेलं नसेल, तर जीएम कथा अडू नये म्हणून शेवटी फुकटात देऊन टाकतो. खेळाडू ते एकदा शिकले की पुढे प्रत्येक वेळी ताणून धरतात.

हा फरक काही खेळांनी नियमांतच बांधलाय. डन्जन वर्ल्डमधल्या पार्ले या मूव्हला (नियमात बांधलेल्या चालीला) समोरच्याला हवं असलेलं काहीतरी तुमच्या हातात असावंच लागतं, नाहीतर रोलच नाही. दोन फाशांवर १० किंवा जास्त आले तर वचनावर काम होतं, ७ ते ९ आले तर वचनाची ठोस खात्री आत्ताच द्यावी लागते. ड्रॉ स्टीलमध्ये रस आणि संयम असे दोन आकडे ० ते ५ मध्ये हलतात. रस किती उरला त्यावर "हो", "हो, पण" की "नाही" हे ठरतं.

मराठीत खेळणाऱ्यांकडे एक साधन आहे जे इंग्रजी नियमपुस्तकात नाही. नाखवा "तुम्ही" वरून "तू" वर आला, "बस जरा" म्हणाला, तर वृत्ती एक पायरी वर सरकली हे आकडा न सांगता कळतं. उलट आधी "तू" म्हणणारा एकदम "आपण" म्हणू लागला तर दार बंद होतंय. आणि "बघू". मन वळवताना "बघू" म्हणजे बहुतेकदा नाही. सौद्यात "बघू" म्हणजे शेवटचा भाव अजून सांगितलेला नाही. जीएमने हे शब्द जपून वापरावेत, खेळाडू त्यांवर अंदाज बांधतात.

बोली गुप्त ठेवायची असेल तर वाशीच्या फळबाजाराची रीत उचलावी. तिथे आंब्याचा भाव रुमालाखाली बोटांनी ठरायचा, आजूबाजूच्यांना तो कळत नसे. टेबलावर दोन्ही बाजूंनी चिठ्ठीवर आकडा लिहून एकदम उघडावा. खेळाडूचा आकडा नाखव्याच्या शेवटच्या भावाइतका किंवा जास्त असला की सौदा झाला.

दोर, मशाल, एका रात्रीची खोली यांच्यासाठी मात्र यातलं काहीच करू नये. छापील भाव सांगावा आणि पुढे जावं. दोन नाण्यांच्या दोरावर अर्धा तास गेला तर खाडीचा प्रसंग पुढच्या रविवारवर जातो.

एक बंधन दोन्हींना सारखं लागू होत नाही. एनपीसीने (जीएम चालवतो त्या पात्राने) रोल करून खेळाडूच्या पात्राचं मन वळवू नये, पात्राला काय पटतं हे खेळाडूच ठरवतो. सौदा मात्र एनपीसी खुशाल मांडू शकतो. "भाचा आणा, होडी तुमची" हे खऱ्या किमतीचं मागणं आहे, आणि त्यावर चौघा खेळाडूंनी आपसात भांडावं असंच ते असायला हवं.