तिन्हीसांजेला माशी हरवते तेव्हा

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीकसा मणी किंवा उभी पट्टी असते, तिला मराठीत माशी म्हणतात. डोळ्याकडच्या खाचेत ही माशी बसवायची आणि ती सावजावर टेकवायची, म्हणजे नेम धरला. भर दुपारी हे जमून जातं. पण रानडुक्कर आणि बिबट्या बाहेर पडतात तिन्हीसांजेला, आणि त्या वेळी काळी माशी काळपट अंगावर विरघळून जाते.

चुकलेला नेम किती महाग पडतो, याचा एक दाखला कुमाऊंमधला आहे. 1907 साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर 436 माणसांचे बळी होते. तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. नेहमीचं भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट यांचं मत होतं.

तेव्हा संधिप्रकाशात माशी कशी हवी? उत्तर बंदुकीत शोधून सापडत नाही, ते डोळ्यात आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारे 60 लाख शंकुपेशी आणि 12 कोटी दंडपेशी असतात. शंकुपेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाही. आपण टक लावून पाहतो तेव्हा पडद्याच्या ज्या मध्यबिंदूवर प्रतिमा पडते, तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच. म्हणजे काळोख दाटला की नेमकी रोखून पाहण्याचीच जागा आंधळी होते. अंधुक चांदणीकडे थेट पाहिलं तर ती दिसेनाशी होते, हा अनुभव गच्चीवर कुणालाही घेता येईल.

शिवाय दंडपेशी एकेकट्या काम करत नाहीत. अनेकींचा उजेड एकत्र करून त्या मेंदूला एकच निरोप पाठवतात. त्यामुळे लहान ठिपका हरवतो, मोठा दिसतो. म्हणूनच जुन्या इंग्रजी शिकारी रायफलींपैकी काहींवर नेहमीच्या माशीमागे हस्तिदंताचा किंवा रानडुकराच्या सुळ्याचा मोठा पांढरा मणी दुमडून ठेवलेला असे. अंधारलं की तो उभा करायचा. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. डोळ्यापासून 80 सेंटिमीटरवरचा 1.6 मिलिमीटरचा मणी 50 मीटरवर 10 सेंटिमीटर जागा झाकतो, तर 5 मिलिमीटरचा मणी 31 सेंटिमीटर. म्हणजे मोठा मणी जवळच्या नेमापुरताच.

रंगाची गंमत वेगळीच. अंगणातली लाल जास्वंद संध्याकाळी काळी पडते, पण तिची पानं बराच वेळ दिसत राहतात. दंडपेशी 507 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, लालला जवळपास नाहीच. या बदलाला चेक शास्त्रज्ञ पुर्किंये यांचं नाव आहे. दुकानात झगझगीत दिसणारी लाल माशी संध्याकाळी सर्वांत आधी दगा देते. पांढरी किंवा हिरवी घ्यावी.

मागच्या बाजूला खाचेऐवजी भोक असलेली कडी बसवतात. बारीक भोकाने चित्र रेखीव होतं, पण उजेड कापला जातो. संध्याकाळी डोळ्याची बाहुली 6 मिलिमीटरपर्यंत उघडते. तिच्यापुढे दीड मिलिमीटरचं भोक धरलं, तर उजेड एक सोळांश उरतो! लक्ष्यावर निशाणेबाजी करायला ते ठीक. रानात मोठ्या भोकाची, पातळ काठाची कडी हवी. डोळा तिच्यातून आरपार पाहतो आणि माशी आपोआप मध्यावर आणतो.

माशीत बसवलेल्या फायबरच्या रंगीत काड्या आजूबाजूचा उजेड आपल्या लांबीभर शोषून टोकाशी सोडतात. उजेडच नसेल तर त्याही विझतात. ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची कुपी मात्र स्वतः चमकते: त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन आतल्या लेपावर आदळून प्रकाश देतात. तिचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, त्यामुळे बारा वर्षांनी चमक जवळपास निम्म्यावर येते. पण चमकणारी माशी फक्त माशी दाखवते. समोरचं जनावर कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे तिला दाखवता येत नाही. जर्मनीत सूर्यास्तानंतर दीड तासापासून ते सूर्योदयाआधी दीड तासापर्यंतचा काळ कायद्याने रात्र धरतात आणि तेव्हा हरणांवर गोळी झाडायला मनाई आहे. रानडुकराला सूट आहे. मला ही रेघ फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे त्याच्या 1991 च्या दुरुस्तीने हौसेची शिकारच संपली, हे उत्तमच झालं.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने 1918 ते 1926 या काळात 125 माणसं मारली. मे 1926 मधल्या एका रात्री कॉर्बेट आंब्याच्या झाडावर बसले होते. खाली बकरी बांधलेली, रायफलीवर टॉर्च बसवलेला. काळोखात बकरीच्या गळ्यातली घंटा वाजली. त्यांनी टॉर्चचं बटण दाबलं. उजळलेल्या अंगावर माशी ठळक उठली आणि ती नेमकी बिबट्याच्या खांद्यावर होती. चाप ओढला, आणि टॉर्च विझला. मग पहाट होईपर्यंत ते झाडावरच थांबले. उजाडल्यावर खाली उतरले, तेव्हा बिबट्या जवळच मरून पडलेला होता.