अळंबीची घरगुती भाजी (सातारा-सांगली)

अळंबी म्हणजे मशरूम. सातारा-सांगलीकडं तिची साधी भाजी करतात ती कांदा, लसूण, घरची चटणी आणि दाण्याचा कूट घालून, जोडीला त्या हंगामात बाजारात आलेली एखादी भाजी, आणि खायला शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी. इकडं नुसतं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण मसालाच, उन्हाळ्यात मिरच्या, खोबरं, वाळवलेला कांदा कुटून वर्षभराचा बरणीत भरून ठेवलेला. तो घरात असला की अळंबीला वेगळा काही मसाला आणावा लागत नाही, आणि आणूही नये असं मला मनापासून वाटतं, कारण वांग्याला जी फोडणी चालते तीच हिलाही चालते.

खरं तर अळंबी आपल्याकडं पहिल्यापासून पावसाळ्याचीच. पाऊस सुरू झाला की वारुळाच्या आसपास पांढरी लांब देठाची अळंबी उगवते, ती वाळवीच वाढवते, वारुळात पालापाचोळ्याचा भुगा साठवून त्यावर ही बुरशी जोपासते आणि स्वतः खाते, म्हणून ती माणसाला अजून शेतात लावता आलेली नाही. कोयना, पाटण, शिराळा, महाबळेश्वर ह्या पावसाच्या पट्ट्यात ती मिळते. तिकडं माण, खटाव, आटपाडी, जत ह्या कोरड्या भागात पाऊसच कमी, त्यामुळं तिथल्या बऱ्याच घरांत अळंबी पहिल्यांदा आली ती 200 ग्रॅमच्या पाकिटातूनच.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला पाहिजे. रानातली अळंबी पिढ्यान् पिढ्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यायची, नाहीतर घ्यायचीच नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलतो का, किड्यानं खाल्ली म्हणजे चांगली, ह्या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. काही विषारी जातींचं विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सुरू व्हायला 6 ते 12 तास किंवा जास्तही लागतात, मधे बरं वाटतं आणि नंतर लिव्हर खराब झालेलं कळतं, म्हणून खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि उरलेली अळंबी सोबत न्यायची.

बाजारात मिळते ती बटण आणि धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. बटणला 14 ते 18 अंश थंडावा लागतो म्हणून ती बहुतेक एसी लावलेल्या खोलीतली असते. धिंगरीला 20 ते 28 अंश चालतं आणि ती गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या भुसकटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरामागच्या शेडमधेसुद्धा येते. भाजीसाठी मला धिंगरीच आवडते, तिला चावायला काहीतरी लागतं.

अळंबीत जवळजवळ 90 टक्के पाणी असतं आणि सगळी गडबड तिथंच होते. भिजत ठेवायची नाही, वाहत्या पाण्याखाली पटकन धुवून फडक्यानं पुसायची. लोखंडी कढई चांगली तापवून तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, कांदा, मग मोठ्या आचेवर अळंबी, वर झाकण अजिबात नाही, मीठ शेवटी. आधी मीठ पडलं किंवा कढई गच्च भरली की ती पाणी सोडून त्यातच उकडते आणि रबरासारखी लागते. पाणी आटून कडा तांबूस झाल्या की हळद, चटणी, थोडा कूट, कोथिंबीर. 200 ग्रॅमची भाजी आटून वाटीभर होते, म्हणूनच जोडीला दुसरी भाजी लागते.

ती जोड हंगामाप्रमाणं बदलते. थंडीत कृष्णाकाठची वांगी, आणि ह्यासारखी जोडी दुसरी नाही: वांगं आधी अर्धवट शिजवायचं, अळंबी वेगळी परतून नंतर मिसळायची, म्हणजे दोन्हीचा गिचका होत नाही. पावटा, ओला वाटाणा, घेवडा ह्याच दिवसांतला. पावटा उकडून घेऊन पातळ रस्सा केला तर अळंबी आमटीला गोडवा देते, कारण तिच्यात चव वाढवणारं ग्लुटामेट मुळातच असतं. उन्हाळ्यात गवार, ती आधी शिजवायची. पावसाळ्यात दोडका, पण तोही पाणी सोडतो, म्हणून सुकी करायचा हट्ट न धरता कूट जास्त घालून रस्साच करावा. कांद्याची पात असेल तर पाच मिनिटांत काम होतं.

काही घरांत अळंबी चालत नाही. ती झाड नाही, बुरशी आहे, शिवाय तिचा पोत मटणाच्या जवळ जातो, त्यामुळं जुनी माणसं ताटाला लावून घेत नाहीत, आणि चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद असलं की ही भाजीच होत नाही. अशा वेळी आग्रह करू नये.

धिंगरी जास्त झाली तर फाडून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवतात, उन्हामुळं तिच्यातलं ड जीवनसत्त्वही वाढतं. हवाबंद डब्यात ती महिनोन् महिने राहते. लागेल तेव्हा कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायची, आणि ते पाणी ओतून न देता आमटीत घालायचं.