चल्लस आठ

चल्लस आठ : चार कवड्या आणि पंचवीस घरांचा पट घेऊन दोघांपासून चौघांपर्यंत खेळायचा घरगुती बैठा खेळ. चारही कवड्या उताण्या पडल्या की ‘चल्लस’, म्हणजे चार, आणि चारही पालथ्या पडल्या की ‘आठ’. या दोन मोठ्या दानांवरून खेळाला नाव पडले. तेलुगू मुलखात तो अष्टा चम्मा, कर्नाटकात चौका बारा आणि गुजरातेत इस्टो म्हणून ओळखला जातो. सारीपाट हा त्याचा नातलग. पण सारीपाटाला फुलीच्या आकाराचा पट, सोळा सोंगट्या आणि फासे लागतात, चल्लस आठला खडू आणि मोकळी फरशी पुरते. नियम तोंडोतोंडीच चालत आल्यामुळे ते घरागणिक बदलतात. दोन घरची मंडळी एका पटावर बसली की पहिल्या दहा मिनिटांत वाद निघतो, आणि त्यात बहुधा दोघेही आपापल्या घरच्या नियमाने बरोबर असतात.

पट ५ × ५ घरांचा. प्रत्येक बाजूचे मधले घर आणि पटाचे मधोमध असलेले घर अशा पाच घरांत फुली मारतात. घराची बाजू ८ ते १० सेंटिमीटर ठेवावी; त्याहून लहान घरात चार सोंगट्या मावत नाहीत आणि कोणाची सोंगटी रेघेवर आहे यावरून कुरबुर सुरू होते. प्रत्येक भिडूला एकसारख्या चार सोंगट्या लागतात. बांगड्यांचे तुकडे, बटणे, खडे, शेंगदाणे काहीही चालते. (शेंगदाणे घेतल्यास डाव संपेपर्यंत ते चारच राहतील याची काळजी घ्यावी.) कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार फाका करतात आणि पांढरी बाजू उताणी धरतात. फाका फरशीवर घासून सारख्या जाडीच्या करून घ्याव्यात, नाहीतर एखादी फाक सतत एकाच अंगावर पडते.

जितक्या कवड्या उताण्या तितके दान : १, २, ३ किंवा ४, एकही उताणी नसेल तर ८. चल्लस किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळते. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असे धरले, तर सोळा वेळांत सरासरी सहा वेळा २, चार वेळा १, चार वेळा ३ आणि एकेकदा ४ व ८ पडतात. खऱ्या कवड्या इतक्या इमानदार नसतात, म्हणून चौघांनी एकच संच वापरावा. कवड्या मुठीत खुळखुळवून वीतभर उंचीवरून टाकाव्यात. सतरंजीवर कवडी कलती राहते. अशी कलती, भिंतीला टेकलेली किंवा दुसऱ्या कवडीवर चढलेली कवडी असेल तर चारही पुन्हा टाकायच्या. एकटी तेवढी टाकू दिली की लबाडीला वाव मिळतो.

आपल्या बाजूची फुली हे आपले घर. तिथून सोंगटी उजवीकडे निघते आणि घड्याळाच्या उलट दिशेने बाहेरची १६ घरे फिरते. आपल्या फुलीच्या डाव्या हाताला लागून असलेल्या घरापर्यंत आली की वळून आतल्या ८ घरांच्या फेरीत शिरते. आतली फेरी मात्र घड्याळाच्या दिशेने. नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते : आत शिरल्यावरही ते जुन्याच दिशेने मोजत राहतात. आतल्या फेरीतले शेवटचे घर आपल्या फुलीच्या बरोबर समोर येते आणि तिथून एक घर पुढे मधली फुली. घरापासून मध्यापर्यंत एकूण २४ पावले. ज्याच्या चारही सोंगट्या आधी पिकतात, म्हणजे मध्यात पोचतात, तो जिंकतो.

बाहेरच्या दोन फुल्यांमधले अंतर नेमके चार आहे. म्हणून फुलीवरच्या सोंगटीला चल्लस किंवा आठ खेळले की बाहेरच्या फेरीत ती पुन्हा फुलीवरच, म्हणजे सुरक्षित जागी पडते. अपवाद शेवटचा : चौथ्या फुलीवरून चल्लस खेळले, आणि आत जायची मुभा असली, तर सोंगटी आतल्या फेरीच्या पहिल्या घरात उघड्यावर येते. आतल्या फेरीत एकही फुली नाही.

साध्या घरात असलेल्या दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली सोंगटी नेमकी जाऊन पडली तर ती मरते आणि तिच्या घरी परत जाते. वरून ओलांडून गेल्यास मरत नाही. फुलीवर कोणीही कोणाला मारत नाही. तिथे चौघांच्या सोंगट्या एकत्र बसू शकतात. मारणाऱ्याला एक जादा दान मिळते. किमान एक सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही, हा नियम बहुतेक घरांत आहे आणि तो ठेवावाच. त्याच्याविना खेळ नुसती शर्यत होऊन बसतो. हा हक्क भिडूचा असतो, सोंगटीचा नव्हे : एकदा मारले की चारही सोंगट्यांना वाट खुली, आणि मारणारी सोंगटी पुढे स्वतः मेली तरी हक्क जात नाही. ज्याने अजून मारलेले नाही त्याची सोंगटी काही कुटुंबांत दारातच, म्हणजे आत वळायच्या घरातच, थांबते, काही कुटुंबांत आपल्या फुलीवरून पुढे दुसरी फेरी धरते. दुसरी रीत बरी, कारण दारात अडकलेली सोंगटी मागून येणाऱ्यांना आयतीच सापडते.

ओळीने पडलेली दाने एकत्र करायची नाहीत. आठ, चल्लस आणि दोन पडले तर त्या तीन वेगळ्या चाली. त्या वेगवेगळ्या सोंगट्यांना देता येतात, पण एक दान दोन सोंगट्यांत फोडता येत नाही. सगळी दाने पडल्यावर चालायचे की प्रत्येक दान लगेच खेळायचे, हे डावाआधी ठरवावे. मोठी दाने लागोपाठ तीनदा पडली की ती जळतात, हाही सर्रास नियम आहे; मात्र तिन्ही जळायची की फक्त तिसरे, यावर एकमत नाही. तसे नसते तर तीन आठांत एक सोंगटी थेट मध्यात पोचली असती, कारण तीन आठे चोवीस.

मध्यात जायला नेमके दान लागते, जास्तीचे वाया जाते. म्हणून निवड असेल तेव्हा सोंगटी मध्यापासून एक घरावर थांबवण्यापेक्षा दोन घरांवर थांबवावी; १ पेक्षा २ दीडपट वेळा पडते. कोणतीच चाल शक्य नसेल तर पाळी जाते. चाल शक्य असताना ‘मी नाही चालत’ म्हणणे हा रडीचा डाव.

सर्वांत जाचक प्रकार म्हणजे चल्लस किंवा आठ पडल्याशिवाय सोंगटी पटावर येऊ न देणे. अशा दानाची शक्यता आठात एक, त्यामुळे चौघांपैकी एखाद्याचे दहा दहा हात कोरडे जाणे अगदी सहज घडते आणि लहान मुले कंटाळून उठतात. त्याऐवजी चारही सोंगट्या सुरुवातीलाच घरात मांडाव्यात, किंवा १ वरही सोंगटी काढू द्यावी. मग शक्यता सोळात सहा होते.

‘जुग’ हा शब्द सारीपाटातला. एकाच भिडूच्या दोन सोंगट्या एका साध्या घरात आल्या की त्यांचे जुग होते. ते दुसऱ्या जुगानेच मरते, एकट्या सोंगटीला त्या घरात उतरता येत नाही. जुग एकत्र चालवताना दान निम्मे होते : २ ला एक घर, चल्लसला दोन, आठाला चार. १ आणि ३ वर जुग हलत नाही. ते फोडून एक सोंगटी पुढे नेता येते, पण मग दोन्ही उघड्या पडतात. जुग न मानणाऱ्या घरांत अशा दोन सोंगट्या एकाच फटक्यात मरतात.

दोघेच असतील तर समोरासमोर बसून प्रत्येकाने दोन घरे आणि आठ सोंगट्या घ्याव्यात. चारच सोंगट्यांवर पट रिकामा वाटतो, कोणी कोणाला गाठत नाही आणि आत जायची वाट दोघांनाही बंद राहते. मोठ्या पटावर, म्हणजे ७ × ७ घरांवर खेळताना सहा कवड्या घेतात. सहाही उताण्या पडल्या तर सहा, पालथ्या पडल्या तर बारा.