सरड्यांचा वसंत पावसावर ठरतो

नागपुरात वसंत म्हणजे पळस फुलतो ते थोडे दिवस. होळी आटोपली की कूलरमध्ये नवी खस भरायची आणि जूनची वाट बघायची. कॅलिफोर्नियाच्या रखरखीत भागात मात्र याच मार्च-एप्रिलमध्ये सरड्यांची लगीनघाई चालू असते.

तिथं पावलोपावली दिसणारा एक सरडा आहे, यूटा स्टॅन्सबुरियाना. शेपूट सोडली तर जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरचा, पुढच्या पायामागं कुशीवर एक काळसर डाग. त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे मार्चमध्ये जमिनीत ओल असते, रानफुलं असतात, फुलांवर किडे असतात. अंडी घालायची तर तेव्हाच. त्यातून यातले बहुतेक सरडे वर्षभरच जगतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ ही सोय त्यांना नाही.

म्हणूनच नरांमधली चुरस जिवावरची असते, आणि ती तीन रंगांत चालते. नारिंगी गळ्याचे नर दांडगट. मोठा इलाका बळकावतात, त्यात अनेक माद्या असतात. निळ्या गळ्याचे नर लहान जागेत राहतात आणि आपल्या मादीवर पहारा देतात. पिवळ्या गळ्याच्यांना स्वतःची जागाच नसते. ते दिसतात आणि वागतातही मादीसारखे, आणि त्या सोंगावर दुसऱ्याच्या इलाक्यात शिरतात.

आता यात जिंकतो कोण? नारिंगी नर निळ्याला हुसकावतो. पण त्याचा पसारा इतका मोठा की सगळीकडे लक्ष ठेवणं त्याला जमत नाही, आणि तिथंच पिवळ्याचं फावतं. पिवळ्याची डाळ निळ्यापुढं मात्र शिजत नाही, कारण निळा मादीजवळून हलत नाही. मुलं खेळतात तो दगड-कागद-कात्रीचा खेळ तो हाच. बॅरी सिनर्वो आणि कर्टिस लाइव्हली यांनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. एक रंग फार वाढला की त्याला हरवणाऱ्या रंगाचे दिवस येतात. काही वर्षांत चक्र पूर्ण फिरतं आणि तिन्ही रंग टिकून राहतात. ‘बलवान तोच टिकतो’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा सरडा जरूर बघावा.

माद्यांमध्येही दोन तऱ्हा आहेत. नारिंगी गळ्याची मादी पुष्कळ पण लहान अंडी घालते, पिवळ्या गळ्याची थोडी पण मोठी. सरडे विरळ असतील तेव्हा पहिलीचा हिशेब जुळतो. दाटी झाली की मोठ्या अंड्यांतून निघालेली धष्टपुष्ट पिल्लं वरचढ ठरतात.

आपल्याकडच्या बागेतल्या सरड्याचं, कॅलोटिस व्हर्सिकलरचं, गणित वेगळं. एप्रिल-मेमध्ये सेमिनरी हिल्सच्या झाडांवर किंवा घराच्या कंपाउंडवर नर जोर काढताना दिसतो. त्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो. तो रक्त पितो असं ऐकून पोरं दगड उचलतात. पीतबीत काही नाही. हा सगळा थाट मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला.

पण तयारी उन्हाळ्यात असली तरी अंड्यांना पाऊस लागतो. नवतपात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना भेगाळलेल्या मातीत अंडी सुकूनच जातील. त्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं. ते मऊ, चिवट असतं, आणि अंडं मातीतली ओल शोषून फुगत जातं. जूनच्या मध्याला विदर्भात पाऊस पोचतो, माती भुसभुशीत होते, आणि मादी झाडावरून उतरून खड्डा खणते. साधारण दहा ते वीस अंडी घालून ती माती परत लोटते, वरून डोक्यानं दाबून बसवते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला सहा-सात आठवडे लागतात. तोवर ऑगस्ट उजाडतो, गवत गुडघाभर वाढलेलं असतं आणि त्यात पिल्लांच्या तोंडात मावतील असे बारीक किडे हवे तेवढे असतात.