पहिली फेरी हातची राखून

लांब पल्ल्याच्या हौशी धावकांच्या सरावात एक उलटा प्रकार नेहमी दिसतो. सावकाश धावायच्या दिवशी ते गरजेपेक्षा जोरात धावतात आणि वेगाच्या सरावाच्या दिवशी पहिल्याच फेरीत दम संपवून बसतात. यातली दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण तीच सवय पुढे शर्यतीतही उतरते.

ठरावीक अंतर वेगात धावून मध्ये थोडी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा धावायचे, या इंटरव्हल ट्रेनिंगला शास्त्रीय बैठक दिली ती जर्मनीतील फ्रायबुर्गच्या हान्स राइंडेल या हृदयतज्ज्ञाने आणि वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने. नाडी मिनिटाला सुमारे १८० ठोक्यांपर्यंत चढवायची आणि ती १२० पर्यंत उतरली की पुढची फेरी सुरू करायची, असा त्यांचा दंडक होता. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून केलेला विश्वविक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

या पद्धतीचे मर्म ऑक्सिजनच्या वापरात आहे. आपण वेग वाढवला तरी शरीराचा ऑक्सिजनचा वापर लगेच वाढत नाही. तो वरच्या पातळीला पोहोचायला साधारण दोन मिनिटे लागतात. म्हणून तीन ते पाच मिनिटांच्या फेऱ्या उपयुक्त ठरतात, आणि मधली विश्रांती फार लांबवली नाही तर पुढच्या फेरीत ही पातळी लवकर गाठता येते. सलग धावून जो वेग फार वेळ टिकला नसता, त्या वेगाची कितीतरी अधिक मिनिटे अशा रीतीने पदरात पडतात. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते आणि स्नायूंतील मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची, क्षमता वाढते.

समजा, एखादी धावक १० किलोमीटर ५५ मिनिटांत पूर्ण करते. तिने ८०० मीटरच्या पाच फेऱ्या किलोमीटरला सव्वापाच मिनिटांच्या गतीने धावाव्यात, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकचा प्रत्येक वेढा २ मिनिटे ६ सेकंदांत, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटे अगदी हळू धावावे. पहिला वेढा तिला हमखास सोपा वाटेल, आणि घोळ नेमका इथेच होतो. तो १ मिनिट ५० सेकंदांत उरकला, तर ऑक्सिजनवाचून होणाऱ्या ऊर्जानिर्मितीचा वाटा वाढतो, स्नायूंतील आम्लता चढते आणि चौथ्या-पाचव्या फेरीत पाय उचलत नाहीत. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात पूर्ण झाली, तर गती बरोबर निवडली होती असे समजावे. माझ्या मते हौशी धावकाला आठवड्यातून असा एक दिवस पुरेसा आहे. उरलेले बहुतेक धावणे गप्पा मारता येतील इतक्या संथपणे व्हावे.

मॅरेथॉनमध्ये हाच हिशेब अधिक कठोर होतो. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला अंदाजे १ किलोकॅलरी खर्च होते, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,९५० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत साठलेल्या ग्लायकोजेन या कर्बोदकापासून मात्र साधारण २,००० किलोकॅलरीच मिळतात. उरलेली गरज चरबी आणि वाटेत घेतलेले अन्न यांतून भागवावी लागते, आणि वेग जितका जास्त तितका कर्बोदकांचा वाटा मोठा. त्यामुळे पहिल्या १० किलोमीटरमध्ये कमावलेली दोन मिनिटे तिसाव्या किलोमीटरनंतर व्याजासकट फेडावी लागतात.

मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे सुरुवातीला फारसे कामाचे नसतात, कारण ठोके श्रमाच्या मागून वाढतात. उन्हात तर रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळतो, घामामुळे रक्तातील द्रव घटतो आणि वेग तोच असूनही नाडी चढत जाते. अशा दिवशी ठरवलेली गती पहिल्या किलोमीटरपासूनच कमी करावी, नाडी तक्रार करेपर्यंत वाट पाहू नये.